‘आरण्यक’ : पूरमैदानातील अरण्य आणि संरक्षणाचा प्रश्न

प्रस्तावना
बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘आरण्यक’ (१९३९) ही कादंबरी बहुधा निसर्गप्रेमाचे शोकगीत म्हणून वाचली जाते. हे वाचन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. १९२० च्या दशकात लेखकाने भागलपूर परिसरात जमीनदारीच्या व्यवस्थापनाचे काम केले होते. त्या अनुभवातून आलेल्या या कृतीत अरण्याच्या सौंदर्याइतकाच जमिनीच्या मालकीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. तो तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अरण्याची उत्पत्ती
लवटुलिया, नाढा बइहार येथील अरण्य अनादि नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी ही जमीन गंगेने गिळली आणि दहा वर्षांनी ती पुन्हा वर आली. विस्थापित झालेली जुनी कुळे आपली जमीन परत मागतात. परंतु मोठी सलामी आणि वाढीव सारा यांच्या लोभाने जमीनदार ती नव्या कुळांनाच देऊ इच्छितो. म्हणजेच हे अरण्य नदीचे पात्रांतर आणि जमीनदाराचा नकार, या दोहोंतून उभे राहिले आहे. पूरमैदानातील वन नदीच्या चंचलतेवर जगते, ही पर्यावरणीय वस्तुस्थिती लेखकाने अचूक टिपली आहे.

सरस्वती कुंडी : खाजगी अभयारण्य
निवेदक सत्यचरण जंगल तोडून कुळे वसवण्यासाठीच नेमला गेला आहे. तरीही सरस्वती कुंडीकाठच्या वनाचे वाटप तो शक्य तितके लांबवतो. युगलप्रसाद तेथे बाहेरून आणलेल्या वेली व फुलझाडे लावतो. या संरक्षणाला कायद्याचा आधार नाही. एका व्यवस्थापकाच्या आवडीवर ते टिकून आहे. तो गेला की तेही जाणार. रानरेड्यांचा रक्षक टांडबारो हा देव मात्र स्थानिकांच्या श्रद्धेत वसतो. संरक्षणाची ही दोन रूपे लेखक शेजारी ठेवतो, परंतु त्यांचा संवाद घडवत नाही.

मर्यादा
जुन्या कुळांची दैना पाहून सत्यचरणाला वाईट वाटते. तरी तो हुकूम पाळतो. अखेरीस तो क्षमा मागतो ती अरण्याच्या आदिम देवतांची. कुळांच्या वाट्याला अशी क्षमायाचना येत नाही. अपराधभावाची ही निवड कादंबरीतील नैतिक फट होय. कादंबरीच्या करुणरसात वाचकाला ती सहसा जाणवत नाही.

निष्कर्ष
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्याला वैधानिक रूप दिले, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींच्या हक्कांना मान्यता दिली. या दोन कायद्यांमधील अंतराची जाणीव ठेवून ‘आरण्यक’ वाचल्यास एक गोष्ट स्पष्ट होते : अरण्य कोणापासून वाचवायचे, हे ठरवण्यापूर्वी ती जमीन कोणाकडून गेली, हे विचारावे लागते. कादंबरी हा प्रश्न आरंभीच नोंदवते आणि पुढे विसरते. तिचे मोठेपण मान्य करूनही समीक्षेने तो विसरू नये.