बुरशीचा शृंगार

पडद्यावर एक बर्गर रचला जातो. भाजलेली टिक्की, कांदा, टोमॅटो, लेट्यूस, मेयोनेज आणि वर तिळाचा पाव. सगळे ताजे, टवटवीत, जाहिरातीत असते तसे. आता कोणीतरी देखणा तरुण हा बर्गर दोन्ही हातांनी उचलणार, मोठा घास घेणार आणि डोळे मिटणार, अशी आपली खात्री असते. पण तरुण येतच नाही. बर्गर जागच्या जागी राहतो आणि कॅमेरा त्याच्याकडे बघत राहतो. एक जुने, संथ इंग्रजी प्रेमगीत सुरू होते. एका दिवसाने किती फरक पडतो, असा त्याचा भाव. गाण्याबरोबर दिवस सरत जातात. लेट्यूस काळवंडते, टोमॅटो आकसतो, पाव खचतो. मग कुठेतरी पांढरी लव उगवते. ती पसरते, दाट होते, निळसर-हिरवी होते. चौतीस दिवसांचा हा प्रवास मिनिटभरात आटोपतो आणि शेवटी एक ओळ येते : कृत्रिम प्रिझर्व्हेटिव्ह नसण्याचे हे सौंदर्य.

'बर्गर किंग'ची ही जाहिरात फेब्रुवारी २०२० मध्ये आली आणि 'मोल्डी व्हॉपर', म्हणजे बुरसटलेला व्हॉपर बर्गर, या नावाने गाजली. स्टॉकहोमची 'इंगो', मायामीची 'डेव्हिड' आणि 'पब्लिसिस' या तीन एजन्सींचे हे एकत्रित काम. तिची स्थिरचित्रेही निघाली, पण फिल्म जगभर फिरली मोबाइलवरून. कोणी किळस आली म्हणून पुढे पाठवली, कोणी थक्क होऊन, कोणी नुसते 'हे बघ' म्हणून. फास्ट फूडच्या ऑनलाइन जाहिरातींचा ढीग आपल्यासमोरून रोज सरकतो आणि विसरला जातो. ही मात्र निवांत बसून वाचण्याजोगी आहे.

खाद्यपदार्थांची जाहिरात हा मुळात शृंगाराचा प्रांत. त्याचे व्याकरण पाहायला लांब जायला नको. संध्याकाळी आपल्या शहरातल्या निराला बाजारात किंवा कॅनॉटला एखाद्या गाड्यासमोर मोबाइल धरून उभा असलेला रीलवाला पाहा. सँडविचचा तुकडा उचलला की चीजची तार लांबली पाहिजे. ती मध्येच तुटली तर दुसरे सँडविच मागवायचे आणि पुन्हा शूट करायचे. वाफ दिसली पाहिजे, तव्यावर लोणी सळसळले पाहिजे. नान खलियाचे रील असेल तर मटणाच्या आधी लाल तर्री दिसली पाहिजे. मोठ्या कंपन्यांच्या स्टुडिओत हाच साजशृंगार पगारी लोक करतात : पाव टाचण्यांनी सावरून धरायचा, टिक्कीवर ब्रशने तेल फिरवायचे, तीळ चिमट्याने एकेक बसवायचे. पदार्थ सदैव षोडशवर्षीय दिसला पाहिजे. काळ नावाची गोष्ट या जगात शिरताच कामा नये.

'मोल्डी व्हॉपर'ने नेमका काळच आत घेतला, आणि काळ आला तसा जुगुप्सा हा भावही आला. भरताने नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक रंग आणि एक देवता दिली आहे. बीभत्साचा रंग नील आणि देवता महाकाल. स्टॉकहोमच्या मंडळींनी नाट्यशास्त्र चाळले असेल असे मुळीच नाही. तरी बर्गरवर चढणारा तो निळसर थर आणि त्याला चढवणारे चौतीस दिवस पाहताना भरताची ही जोडी किती पक्की होती, ते पटते.

पण नुसता बीभत्स दाखवणे सोपे आहे. नासलेले अन्न कोणीही दाखवील आणि कोणीही बोट वर सरकवून पुढे जाईल. इथे प्रेक्षक थांबतो, कारण मांडणी शृंगाराचीच राहिली आहे. ताज्या बर्गरसाठी असते तशी मऊ प्रकाशयोजना, त्याच्या पापुद्र्यापापुद्र्यावर फिरणारी नजर, तेच जवळून पाहणे आणि वर प्रेमगीत. सगळी सामग्री प्रियकराची आणि समोर बुरशी. शृंगार आणि बीभत्स हे एकमेकांचे विरोधी रस. ते शेजारी आणायचेच असतील तर मध्ये तिसऱ्या रसाची योजना करावी, असा तोडगा आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त सुचवला आहे. इथे तो तिसरा रस अद्भुत आहे. दिवसांचे सेकंद करणाऱ्या टाइमलॅप्सने बुरशीला एखाद्या बहराची गती दिली आहे. डोळे आधी विस्फारतात, नाक मागाहून मुरडते. त्यामुळे या फिल्ममधली सर्वांत सुंदर जागा शेवटच्या चौकटीत नाही, मधल्या काही क्षणांत आहे. पाव अजून पावासारखा आहे, भूक पुरती मेलेली नाही आणि कडेला पहिली पांढरी लव दिसते आहे. तिथे दोन्ही रस काट्यावर तोललेले असतात. पुढे बीभत्स जिंकतो, तो जिंकणारच असतो.

आता या जाहिरातीने काय सांगितले नाही, ते पाहू. 'मॅकडोनाल्ड्स' हे नाव तिच्यात कुठेच नाही, पण ती पाहताना ते नाव ज्याच्या मनात आले नाही असा जाणकार सापडणे कठीण. त्याला पूर्वपीठिका आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये आइसलँडमधून मॅकडोनाल्ड्सने गाशा गुंडाळला, तेव्हा एका ग्राहकाने शेवटच्या दिवसांतला एक बर्गर आणि फ्राइज घेऊन तसेच ठेवून दिले. वर्षे गेली तरी त्यांना बुरशी शिवली नाही. पुढे ती जोडी काचेखाली ठेवली गेली आणि इंटरनेटवरून तिचे थेट दर्शनही सुरू झाले. न्यू यॉर्कच्या सॅली डेव्हिस या छायाचित्रकर्तीने २०१० मध्ये मॅकडोनाल्ड्सचे एक हॅपी मील आणून त्याची छायाचित्रे काढायला सुरुवात केली. महिने उलटले, तरी बर्गरच्या चेहऱ्यावर फारसा फरक नव्हता. 'न सडणारा बर्गर' ही इंटरनेटवरची लोककथाच झाली. बर्गर किंगने ती पुन्हा सांगितली नाही. तिचा उलटा अर्धा भाग तेवढा दाखवला आणि पहिला अर्धा प्रेक्षकाच्या आठवणीतून काढून घेतला. वाच्यार्थ इतकाच की आमचा बर्गर सडतो. व्यंग्यार्थ कोणाचा सडत नाही याचा, आणि तो प्रेक्षक स्वतः पुरवतो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला कोर्टात जायलाही जागा उरत नाही.

दुसऱ्याच्या मालमत्तेवर आपला खेळ मांडायचा, ही या कंपनीची जुनी खोड. २००९ मध्ये तिने फेसबुकवर 'व्हॉपर सॅक्रिफाइस' चालवले : मित्रयादीतले दहा मित्र वगळा आणि व्हॉपर फुकट घ्या. वगळलेल्या मित्राला तसे कळवलेही जाई. दोन लाखांहून अधिक मैत्र्यांचा असा बळी गेल्यावर फेसबुकने त्या कळवण्याला हरकत घेतली आणि खेळ बंद पडला. एप्रिल २०१७ मध्ये पंधरा सेकंदांची एक टीव्ही जाहिरात आली. तिच्यातला नट शेवटी असे एक वाक्य म्हणे की, प्रेक्षकाच्या घरातला 'गुगल होम' जागा होऊन विकिपीडियावरचा व्हॉपरचा लेख वाचू लागे. टवाळांनी तो लेख बदलून व्हॉपरच्या घटकांत सायनाइड घातले आणि गुगलने काही तासांतच आपल्या यंत्राला त्या वाक्यापुरते बहिरे केले. डिसेंबर २०१८ मधला 'व्हॉपर डीटूर' तर खट्याळपणाचा कळस : अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सच्या सहाशे फुटांच्या आत जा, आमचे ॲप उघडा आणि एका सेंटमध्ये व्हॉपर मागवा. तो घ्यायला मात्र आमच्याकडे या. तिन्ही कल्पना चलाख. त्या कळल्या की आपण हसतो, पण दुसऱ्यांदा पाहताना हाती फारसे लागत नाही. चुटका दुसऱ्यांदा ऐकल्यावर होते तसेच. 'मोल्डी व्हॉपर' दुसऱ्यांदा पाहिली तर अधिक दिसते.

आपल्या शहरातल्या माणसाला तर जरा जास्तच दिसावे, कारण टिकवण्याच्या हट्टाचे काय होते, याचा दाखला इथून शंभरेक किलोमीटरवर आहे. अजिंठ्याची चित्रे पोपडे सुटून गळू लागली, तेव्हा १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीला पुन्हा चिकटवला, हे मोठेच काम झाले. पण चित्रांवर त्यांनी वॉर्निशचाही हात फिरवला. कालांतराने तो थर पिवळा पडला, त्याने धूळ धरली आणि खालचे रंग झाकोळले. पुढे पुरातत्त्व खात्याला वर्षानुवर्षे तो थर उतरवत बसावे लागले. राखण्यासाठी लावलेल्या लेपानेच मूळ रूप दिसेनासे केले. ज्या भिक्खूंसाठी ही लेणी कोरली गेली, त्यांच्या परंपरेत तर क्षयाकडे टक लावून पाहणे ही साधनाच होती. सतिपट्ठान सुत्तात मृतदेहाच्या विघटनाच्या नऊ अवस्थांवर चिंतन करायला सांगितले आहे. फुगलेला, निळा पडलेला देह इथपासून हाडांच्या चुऱ्यापर्यंत. बर्गरच्या जाहिरातीला वैराग्याची दीक्षा द्यायची माझी इच्छा नाही, ती शेवटी बर्गर विकायलाच निघाली आहे. पण क्षय टप्प्याटप्प्याने, नजर न वळवता दाखवला की जुगुप्सेच्या तळाशी एक शांतपणा सापडतो, हे त्या भिक्खूंना ठाऊक होते. या फिल्मच्या अखेरच्या काही सेकंदांत त्याची पुसट चाहूल लागते.

इथवर दाद. आता युक्तिवाद तपासू, कारण चित्र जितके अभेद्य आहे तितका युक्तिवाद नाही. बुरशी येणे ही शुद्धतेची खूण, हे जाहिरातीचे गृहीतक. मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात ते टिकायचे नाही. मे महिन्यात ज्वारीची भाकरी उघडी राहिली तर दुसऱ्या दिवशी कडकडीत वाळते. ती महिनाभर ठेवा, बुरशी येणार नाही. तीच भाकरी श्रावणात डब्यात झाकून ठेवली तर दोन दिवसांत लव धरते. पीठ तेच, पाणी तेच, हात तोच. फरक ओलाव्याचा. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, पापड आणि सांडगे घालणाऱ्या बायकांनी हे कुठल्या प्रयोगशाळेत शिकलेले नसते. न सडणाऱ्या बर्गरचे रहस्यही बऱ्याच अंशी हेच आहे. अमेरिकी पाककलालेखक केंजी लोपेझ-आल्ट यांनी २०१० मध्ये घरी केलेले आणि मॅकडोनाल्ड्सचे बर्गर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पातळ टिक्कीचे छोटे बर्गर घरचे असोत की दुकानातले, सडण्याआधीच वाळून गेले. मेयोनेज, टोमॅटो आणि लेट्यूस घातलेला जाडजूड व्हॉपर ओला राहतो, म्हणून बुरशीला आवडतो. तेव्हा बुरशीने प्रिझर्व्हेटिव्ह नसल्याची ग्वाही दिली असेल, पण दुसऱ्याच्या बर्गरविरुद्ध साक्ष दिलेली नाही. व्यंग्यार्थ काव्य म्हणून सुंदर आहे, पुरावा म्हणून कच्चा आहे.

शिवाय बुरशीला सद्गुण मानायला एक विशिष्ट समाज लागतो. जिथे महिनोन्महिने टिकणारे अन्नच रोजचे झाले आहे, तिथे 'हे सडते' ही बातमी ठरते. आपल्या स्वयंपाकघरात बुरशी आली की पहिला प्रश्न निघतो तो बरणीत ओला चमचा कोणी घातला, हा. सौंदर्य वगैरे कोणाच्या डोक्यातही येत नाही. दाव्याची व्याप्तीही मर्यादितच होती. तेव्हा कृत्रिम प्रिझर्व्हेटिव्ह काढलेला व्हॉपर युरोपातल्या बहुतेक देशांत मिळत होता. अमेरिकेत मात्र सात हजारांहून अधिक शाखांपैकी चारशेच्या आसपास ठिकाणीच तो पोहोचला होता, बाकीच्यांना वर्षअखेरचा वायदा होता. भारतातल्या व्हॉपरबद्दल त्या घोषणेत काही नव्हते. नोव्हेंबर २०१४ मध्ये दिल्लीत पहिले दुकान उघडले तेव्हापासून इथला व्हॉपरच वेगळा आहे, त्यात गोमांस नसते. आपण ती फिल्म मोबाइलवर पाहिली तेव्हा आपल्या वाट्याला फक्त कविता आली, बर्गर आला नाही.

एवढी वजावट करूनही ही जाहिरात तिच्या भावंडांत वरची ठरते, आणि त्याचे कारण खर्चाच्या हिशेबात आहे. 'सॅक्रिफाइस'मध्ये बळी गेले ग्राहकांचे मित्र. २०१७ मध्ये गुगलचे यंत्र वापरले गेले. 'डीटूर'मध्ये पळवले गेले मॅकडोनाल्ड्सच्या दारासमोरचे गिऱ्हाईक. 'मोल्डी व्हॉपर'मध्ये कंपनीने मात्र स्वतःचा माल पणाला लावला. ज्या एका पदार्थावर दुकान चालते, तोच किळसवाणा करून जगाला दाखवला आणि ही किळस लोकांच्या जिभेवर राहिली तर काय, ही भीती पत्करली. जाहिरातीतल्या दाव्याचे मोल तो करताना स्वतःचे काय धोक्यात घातले, यावर ठरते. चीजची तार लांबवायला काहीच पणाला लागत नाही. म्हणून तसल्या शंभर रील्समधून एकही ध्यानात राहत नाही आणि निळा पडलेला तो व्हॉपर एकदा पाहिला की जन्मात विसरता येत नाही.