जादूच्या कढईखालचे जळण

शाळेच्या संगणकावर 'स्टेलॅरियम' चालवून भर दुपारी मुलांना मृग नक्षत्र दाखवणारे शिक्षक आपल्या वाचकांत बरेच असतील. त्यासाठी त्यांना एक पैसाही मोजावा लागत नाही. ही आज्ञावली नुसती फुकट नाही. ती कशी लिहिली आहे हे कोणालाही उघडून पाहता येते, त्यात बदल करता येतो आणि बदललेली प्रत दुसऱ्याला देताही येते. अशा आज्ञावलींना मुक्तस्रोत म्हणतात. मग वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "बाई, मग ती लिहिणाऱ्यांचे पोट कसे भरते?"

या प्रश्नाला आजही जे उत्तर दिले जाते, ते बव्हंशी एका निबंधातून आलेले आहे. अमेरिकी प्रोग्रामर एरिक रेमंड यांनी १९९९ साली तो लिहिला आणि त्याच वर्षी तो त्यांच्या 'द कॅथीड्रल अँड द बझार' या पुस्तकात समाविष्ट झाला. निबंधाचे नाव 'द मॅजिक कॉल्ड्रन', म्हणजे जादूची कढई. वेल्सच्या दंतकथेत एका देवतेपाशी मागाल तितके अन्न देणारी कढई असते, तिच्यावरून हे नाव घेतले आहे. आपल्याकडे तिला द्रौपदीची थाळी म्हटले असते. पाव शतकानंतर हा निबंध पुन्हा वाचला, तेव्हा त्यातले काय टिकले आणि काय कोसळले हे तपासावेसे वाटले.

टिकलेला भाग आधी सांगते. रेमंड यांचा मुख्य मुद्दा असा, की सॉफ्टवेअरचा धंदा स्वतःला उगाचच कारखानदारी समजतो. बिस्किटाचा पुडा एकदा विकला की कारखान्याचा त्याच्याशी संबंध संपतो. आज्ञावलीचे तसे नसते. ती लिहून झाल्यावरच खरा खर्च सुरू होतो: चुका दुरुस्त करा, नव्या यंत्राशी जुळवून घ्या, गिऱ्हाइकाच्या शंका निस्तरा. जगातल्या बहुतेक आज्ञावली विकण्यासाठी लिहिल्याच जात नाहीत, त्या बँकेत, कारखान्यात, प्रयोगशाळेत स्वतःच्या वापरासाठी लिहिल्या जातात, हेही त्यांनी नेमके हेरले. तेव्हा प्रतीमागे पैसे घेण्याऐवजी सेवेचे पैसे घ्यावेत, हा निष्कर्ष त्यातून सरळच निघतो. पाककृती वाटून टाका आणि उपाहारगृह चालवा, अशी उपमा ते देतात. उपमा इतकी चटकदार आहे की पुढे कोणी ती तपासलीच नाही.

माझा आक्षेप इथे सुरू होतो. पाककृती लिहिणारा आणि उपाहारगृहाचा मालक एकच असेल, हे रेमंड यांनी गृहीत धरले. निबंधात तसे गृहीतक म्हणून ते कुठेच मांडलेले नाही. सामायिक कुरणाची त्यांची चर्चा पाहा. गावच्या कुरणात सगळ्यांनी गुरे सोडली की गवत संपते, पण मुक्तस्रोताच्या कुरणात जितके चरावे तितके गवत वाढते, असे ते म्हणतात. गवताबद्दल हे खरेही आहे. कितीही प्रती काढल्या तरी मूळ आज्ञावली झिजत नाही. झिजतो तो कुरणाची निगा राखणारा माणूस. हजार वापरणाऱ्यांची हजार पत्रे त्या एकाच माणसाकडे येतात.

ओपनएसएसएलची हकीकत यासाठी मुद्दाम विस्ताराने सांगते. आपण बँकेचे व्यवहार संगणकावरून करतो, तेव्हा मधला मजकूर कोणाला वाचता येऊ नये म्हणून तो सांकेतिक रूपात जातो. हे रूपांतर करणारी ओपनएसएसएल ही मुक्तस्रोत आज्ञावली जगभरच्या असंख्य यंत्रांवर बसवलेली होती आणि आहे. दोन यंत्रांचे संभाषण चालू असताना एक यंत्र अधूनमधून दुसऱ्याला विचारते, "जागा आहेस ना? असशील तर 'चिमणी' हा तीन अक्षरांचा शब्द परत पाठव." दुसरे तो शब्द परत पाठवते. मार्च २०१२ मध्ये आलेल्या आवृत्तीत यात एक चूक राहिली. शब्द तीनच अक्षरांचा पाठवून "चौसष्ट हजार अक्षरे परत पाठव" असे सांगितले, तर समोरचे यंत्र अक्षरे न मोजता 'चिमणी'च्या पुढे आपल्या स्मृतीत जे काही असेल तेही पाठवून देई. त्यात कोणाचा परवलीचा शब्द असे, कोणाची गुप्त किल्ली. तपासणीची एक अट लिहायची राहून गेली होती, एवढेच. ही चूक एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आली. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ मजकूर सगळ्यांसमोर उघडा होता. पुरेसे डोळे असले की कोणतीही चूक लपत नाही, हे रेमंड यांचेच गाजलेले तत्त्व. पण उघडे असणे आणि कोणीतरी वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको.)

त्या वेळी या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर देणग्या मिळत आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. तो आळशी नव्हता, आणि ही मंडळी धंद्याला विन्मुखही नव्हती. रेमंड यांनी सांगितलेला मार्गच त्यांनी धरला होता: कंत्राटे घ्यायची, अमेरिकी सरकारच्या प्रमाणपत्रासाठी लागणारे काम करून द्यायचे आणि त्यावर गुजराण करायची. पण कंत्राट देणारा पैसे देतो ते त्याला हव्या असलेल्या जादा सोयीसाठी. जुनी ओळ न् ओळ पुन्हा वाचून काढण्याचे पैसे कोण देणार? आचारी दुसऱ्यांच्या लग्नातल्या पंगती उठवण्यात गुंतला आणि घरच्या चुलीकडे बघायला कोणी उरले नाही. मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभारला तो या अपघातानंतर.

"मग रेड हॅटचे काय?" असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने लिनक्सवर धंदा उभारला, २०१२ च्या आर्थिक वर्षात तिची उलाढाल शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती चौतीसशे कोटी डॉलरना घेतली. (संगणकावर देवनागरीसाठी 'लोहित' हा मुक्त टंक वापरणाऱ्यांनी याच कंपनीचे मीठ खाल्ले आहे.) पण रेड हॅट विकते काय? नुसती सेवा नव्हे. ती वर्गणी घेते आणि त्याबदल्यात हमी देते: ही आवृत्ती आम्ही दहा वर्षे सांभाळू, अमुक यंत्रावर ती चालेलच. प्रत फुकट असली तरी हमी आणि नाव यांची नक्कल करता येत नाही. शिवाय दुरुस्ती करणारे आणि बिल फाडणारे एकाच छपराखाली बसतात. रेड हॅट टिकली याचे कारण मला इथे दिसते.

तरीही तिला कुंपण घालावेच लागले. तिच्याच मजकुरातून नाव काढून हुबेहूब प्रणाली फुकट देणारा सेंटओएस हा प्रकल्प तिने २०१४ मध्ये आपल्यात सामावून घेतला आणि २०२० मध्ये त्याचे जुने रूप बंद करत असल्याचे जाहीर केले. जून २०२३ पासून तर पूर्ण मूळ मजकूर गिऱ्हाइकांपुरताच ठेवला. हे परवान्याच्या शब्दाला धरून आहे. भावनेला धरून आहे का, यावर तज्ज्ञांचे आजही एकमत नाही. मला स्वतःला ते खटकले.

भाड्याच्या संगणकांचे युग आल्यावर उपमा पुरतीच उलटली. इलॅस्टिक या कंपनीची मजकूर शोधणारी आज्ञावली ॲमेझॉनने आपल्या यंत्रांवर बसवून भाड्याने द्यायला सुरुवात केली. पाककृती एकाची, पण शहरातली सर्वांत मोठी खाणावळ दुसऱ्याची! २०२१ मध्ये इलॅस्टिकने परवाना आवळला, ॲमेझॉनने जुन्या प्रतीतून 'ओपनसर्च' ही वेगळी चूल मांडली, आणि २०२४ मध्ये इलॅस्टिकने पुन्हा एक मुक्त परवाना जोडला. भाड्याच्या संगणकांचा हा पसारा १९९९ मध्ये दिसणे शक्य नव्हते, त्याचा दोष रेमंड यांना देणार नाही. पण मालक आणि आचारी वेगळे असू शकतात, एवढे तेव्हाही दिसायला हरकत नव्हती.

दुसरी एक अडचण त्यांच्या निबंधात अजिबात नाही, आणि ती आपल्याकडच्या संस्थांत काम करणाऱ्यांना चांगली ठाऊक असेल. मोजमापांच्या आकडेमोडीसाठी मी रोज नमपाय वापरते. २००६ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली, आणि तिच्या विकासासाठी पहिले अनुदान मिळाले ते २०१७ मध्ये, एका अमेरिकी प्रतिष्ठानाकडून. दरम्यान जगभरच्या प्रयोगशाळा तिच्यावर विसंबून होत्या. आमच्या प्रकल्पात सॉफ्टवेअरसाठी थोडी रक्कम शिल्लक होती, ती अशा एखाद्या कामाला द्यावी म्हणून मी टिपण पाठवले. लेखा विभागाने तीन दरपत्रके मागितली. फुकट मिळणाऱ्या वस्तूचे सर्वांत कमी दरपत्रक शून्याचे असणार! देणगीला रकाना नव्हता, बिलाशिवाय पैसे सुटत नव्हते. मार्चअखेरीस त्या रकमेचे छपाईयंत्राचे टोनर आले.

रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये लिहिलेल्या एसक्यूलाइटने ही गाठ सोडवलेली दिसते. माहिती साठवणारी ही छोटी आज्ञावली जवळजवळ प्रत्येक मोबाईलमध्ये असते. तिच्यावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, ती सार्वजनिक मालकीची आहे. तरीही कोणा कंपनीच्या वकिलांना रात्री झोप येत नसेल, तर वापराच्या हक्काची लेखी हमी विकत मिळते. ज्याची गरजच नाही असा हा कागद, पण त्याचे बिल होते! शिवाय मोठ्या कंपन्या संघाच्या सभासद म्हणून वर्गणी भरतात, आणि माहिती कुलूपबंद करणारी जोड विकली जाते. गंमत म्हणजे मोजकी माणसेच हे काम करतात आणि बाहेरच्यांनी लिहिलेला मजकूर सहसा स्वीकारत नाहीत. ज्याला रेमंड बाजार म्हणतात, तो इथे नाहीच. मुंबईची फ्रॅपे ही कंपनी हिशेब आणि मालसाठ्याची ईआरपीनेक्स्ट ही मुक्त आज्ञावली बनवते, आणि ती आपल्या यंत्रांवर चालवून देण्याचे पैसे घेते. तिथेही लिहिणारे आणि बिल करणारे एकच आहेत.

निबंध टाकाऊ झाला असे मी म्हणणार नाही. कारखानदारीच्या भ्रमावरचा भाग अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा. कुरणाच्या भागाशी मात्र ओपनएसएसएलची हकीकत जोडून वाचावी. आणि 'स्टेलॅरियम'पुरते त्या विद्यार्थ्याला उत्तर देता येईल: मोबाईलवरची वाढीव आवृत्ती मूळ निर्मात्याशी निगडित कंपनी पैसे घेऊन विकते, शाळेच्या संगणकावरची मात्र स्वयंसेवक आपल्या फावल्या वेळात सांभाळतात.