सोपी चाल कशाला म्हणावी? स्कॉटिश लोकधुना आणि पहिले धडे

नवशिक्यांसाठी लिहिलेल्या अनेक पाश्चात्त्य वादनपुस्तकांत स्कॉटलंडच्या लोकधुना हटकून भेटतात. ‘सोप्या’ म्हणून त्यांची शिफारस केलेली असते. व्हायोलिन शिकवताना मीही वर्षानुवर्षे तेच म्हणत आलो. आता मात्र मला वाटते की, या एका शब्दाने आपण त्या धुनांवर अन्याय करतो आणि शिकणाऱ्यावरही.

आधी सोपेपणाची बाजू पाहू. ‘ऑल्ड लँग साइन’ ही धून सा, रे, ग, प, ध या पाचच स्वरांत बांधलेली आहे. म आणि नी वर्ज्य, त्यामुळे लगतच्या स्वरांत अर्ध्या स्वराचे अंतर कुठेच येत नाही. बोट घसरण्याचा एक मोठा धोका टळतो. भूपाचे पलटे घोटलेल्या मुलांच्या कानाला ती लवकर ओळखीची वाटते, असा माझा अनुभव आहे. ‘ये बँक्स अँड ब्रेज’ची चालही पाच स्वरांचीच. या दोन्ही चालींवर रवींद्रनाथ टागोरांनी बंगाली गीते रचली. भारतीय कानाला त्या परक्या वाटत नाहीत, याचा हा उत्तम दाखला.

पण स्वर मोजून सोपेपणा ठरत नाही. ‘ऑल्ड लँग साइन’चा आवाका सप्तकाहून मोठा आहे आणि तिच्यात उड्या आहेत. त्याहून अवघड प्रश्न लयीचा. ‘कमिन थ्रू द राय’मध्ये आघातावर आखूड स्वर येतो आणि लगेच त्याला चिकटून लांब स्वर. याला ‘स्कॉच स्नॅप’ म्हणतात. स्ट्रॅथस्पे या नाचाच्या चालींचा तर तो प्राणच. व्हायोलिनवर त्यासाठी गजाला नेमका, छोटा झटका द्यावा लागतो. मुलांना जमत नाही म्हणून मी दोन्ही स्वर सारखे करून शिकवत असे. धून ओळखू येई, पण तिच्यातली पावले हरवत. सोपे करण्याच्या नादात मी नेमके स्कॉटिशपणच काढून टाकत होतो.

वाद्य बदलले की सोपेपणाचा अर्थही बदलतो. हायलंड बॅगपाइपच्या मुख्य नळीवर नऊच स्वर. पिशवीतली हवा अखंड वाहते. मध्ये थांबता येत नाही, आवाज लहानमोठा करता येत नाही. मग एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवायचा तर मध्ये क्षणभराचा कणस्वर घालावाच लागतो. म्हणून शिकाऊ वादक पिशवीविना, नुसत्या सरावाच्या नळीवर बोटे तयार करतो. तिथे अलंकार ही शेवटी चढवायची सजावट नसते; पहिल्या दिवसापासूनचे व्याकरण असते. पिब्रॉख हे पाइपचे अभिजात संगीत शिकवण्यासाठी तर ‘कॅन्टारॅक्ट’ नावाची तोंडी बोलांची पद्धत आहे. तबल्याचे बोल आधी तोंडाने म्हणणाऱ्या आपल्याला तिचे मर्म वेगळे सांगायला नको.

छापील संग्रहांचे ऋण मी नाकारत नाही. ‘द स्कॉट्स म्युझिकल म्युझियम’ या 1787 ते 1803 मधल्या सहा खंडांनी सहाशे गाणी जपली. रॉबर्ट बर्न्सचा त्यात मोठा वाटा होता. पण छापलेला स्वर हा चालीचा सांगाडा. 1981 मध्ये बारा बेटावर ‘फेश’ या नावाने मुलांसाठी पारंपरिक संगीताचा शिक्षण-उत्सव सुरू झाला, त्यामागची गरज मला इथे दिसते: परंपरा माणसाकडून माणसाकडेच जाते.

आपल्याकडे भूप पहिल्या वर्गात शिकवतात, आणि किशोरी आमोणकरांसारख्या गायिकेलाही तो पुरून उरतो. स्कॉटिश धुनेलाही तोच मान हवा. आता मी स्वर कमी करत नाही. धून आधी गाऊन घेतो, हातावर ताल धरतो, झटका तोंडाने म्हणवतो, मग गज हाती देतो. वेळ जास्त लागतो. पण विद्यार्थी पहिल्याच धुनेत पूर्ण संगीताला भेटतो.