ब्रेडाची किल्ली : एका चित्राचे रसग्रहण

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील ‘ब्रेडाची शरणागती’ हे डिएगो वेलाझ्केझचे चित्र विजेत्याच्या औदार्याचे चित्र म्हणून वाखाणले जाते. स्पेनचा सेनापती स्पिनोला घोड्यावरून उतरला आहे. नगराची किल्ली देण्यासाठी वाकलेल्या डच सेनानीच्या खांद्यावर हात ठेवून तो त्याला गुडघे टेकू देत नाही. हे कौतुक यथार्थ आहे, परंतु अपुरे आहे. वाकलेला तो पुरुष कोण, हे जाणल्याखेरीज चित्राचा अर्धा अर्थ हाती लागत नाही.

तो नासाऊचा युस्टिन. डच स्वातंत्र्यलढ्याचा अग्रणी, ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याचा हा अनौरस पुत्र १५५९ साली जन्मला. त्याची माता ईव्हा एलिंक्स हिचा विल्यमशी विवाह झालेला नव्हता. पित्याने त्याला आपला म्हटले, इतर मुलांबरोबर वाढविले. तरी पदव्या व जहागिरी औरस पुत्रांकडेच गेल्या. युस्टिनच्या वाट्याला आली ती सेवा. १५८५ मध्ये झीलंडच्या आरमाराचे नेतृत्व त्याच्याकडे आले. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमार इंग्लंडवर चालून गेले, तेव्हा फ्लँडर्सचा किनारा रोखून पार्माच्या ड्यूकची फौज त्याला मिळू न देणाऱ्यांत तो होता. १६०१ मध्ये तो ब्रेडाचा गव्हर्नर झाला.

ब्रेडा ही नासाऊ घराण्याची जहागीर. ज्या नगरावर युस्टिनचा वारसाहक्क नव्हता, तेच त्याने चोवीस वर्षे राखले. ऑगस्ट १६२४ मध्ये स्पिनोलाचा वेढा पडला. वेढा चालू असतानाच सावत्र भाऊ मॉरिस निवर्तला. दुसरा सावत्र भाऊ फ्रेडरिक हेन्री याला वेढा उठविता आला नाही. उपासमार आणि रोगराईने नगर पोखरले. जून १६२५ मध्ये युस्टिनने सन्मान्य अटींवर नगर सोडले; शिबंदी शस्त्रे व निशाणे घेऊन बाहेर पडली.

चित्र सुमारे १६३५ मध्ये, राजा चौथा फिलिप याच्या प्रासादासाठी रंगविले गेले. तोवर दोघेही सेनानी हयात नव्हते. दरबारी हेतूची छाया चित्रावर आहेच. उजवीकडे स्पॅनिश भाल्यांची ताठ रांग आहे. नगरातील भुकेल्यांचे व मृतांचे दुःख मात्र दूरच्या धुरापलीकडे दिसत नाही. हा या कृतीचा उणेपणा मानावा लागेल.

परंतु मध्यभागी पाहा. स्पिनोलाच्या डाव्या हातात टोपी व सेनापतीचा दंड आहे, उजवा हात युस्टिनच्या खांद्यावर आहे. किल्ली घ्यायला त्याचा एकही हात मोकळा नाही! किल्लीआधी तो माणसाला स्वीकारतो. जे नगर कधी आपले नव्हते, त्याची किल्ली देणाऱ्या माणसाला येथे मान मिळतो तो त्याने निभावलेल्या जबाबदारीमुळे; जन्माची चौकशी तेथे कोणी करीत नाही.

आपण कॅथोलिक वाचक या चित्राकडे ‘आपल्या’ विजयाचे चित्र म्हणून पाहू लागलो, तर मोठा ठेवा गमावू. १६३७ मध्ये फ्रेडरिक हेन्रीने ब्रेडा परत जिंकून घेतले. तो विजय बारा वर्षेच टिकला. आणि जन्माच्या नोंदीवरून मुलाची किंमत ठरविण्याची सवय आपल्या घरांतून अद्याप पुरती गेलेली नाही. अशा घरांनी खांद्यावरचा तो हात निरखून पाहावा.