सूचींतील तारखांचे सांचे

पारनेरकडील कांहीं घराण्यांच्या कागदांची संगणकावर केलेली एक सूची नुकतीच पाहावयास मिळाली. रुमाल, आकार व विषय हीं सदरें काळजीनें भरलीं आहेत. सूचिकारांचे परिश्रम वाखाणण्याजोगे आहेत. तारखेच्या सदराविषयीं मात्र तसें म्हणवत नाहीं, आणि ह्या सूचीवर भिस्त ठेवून पुढें कोणी लिहिणार असल्यामुळें तें स्पष्ट सांगणें प्राप्त आहे.

संगणकास तारीख कशी मांडावी हें अक्षरांच्या सांच्यानें सांगावें लागतें. पाणिनीच्या अनुबंधांप्रमाणें येथें प्रत्येक अक्षर सांकेतिक असून इंग्रजी अक्षर लहान कीं मोठें ह्यावरूनही अर्थ पालटतो. कांहीं पद्धतींत लहान ‘वाय’ चार वेळां लिहिल्यास साधें वर्ष मिळतें, मोठा लिहिल्यास आठवड्यावरून मोजलेलें. भेद दिसतो तो वर्षसंधीला. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. परंतु १ जानेवारी ज्या आठवड्यांत पडते तो सगळा नव्या वर्षाचा, ह्या अमेरिकन रिवाजानें मोठ्या ‘वाय’चा सांचा तो ३१ डिसेंबर १८०३ ला नेतो! सूचींत ह्याच जातीच्या दोन चुका आहेत.

वारांचाही घोळ आहे. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत शिवजन्माची मिती शके १५५१, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार आहे. ज्युलियन गणनेनें ती १९ फेब्रुवारी १६३०. संगणक तीच तारीख ग्रेगरियन समजून मंगळवार सांगतो. ग्रेगरियन तारीख १ मार्च येते, आणि तिला शुक्रवारच आहे. दोष शकावलीचा नव्हे.

खरी कसोटी शुहूर सनाची. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. सूचिकारांनीं सर्वत्र ५९९ मिळविले आहेत. हें वर्ष मृगापासून चालतें. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ बरोबर, पुढें ६०० हवेत. १४ जानेवारी १७६१ चें पानिपत ह्याच सनांत पडतें, आणि सूचीच्या हिशेबानें त्या रणाची बातमी रणाआधीं वर्षभर पोंचते! शिवाय सन सौर, ‘छ’ पुढील तारीख चांद्र. वर्षारंभींच्या दहा-अकरा चांद्र तारखा वर्षाखेरीस पुन्हां येतात. अशा वेळीं आंतील मजकूर वाचूनच निर्णय करावा लागतो. तें कोणत्याही सांच्याचें काम नव्हे.

केवळ शक दिलेल्या कागदांस १ जानेवारी चिकटविली आहे. शके १६८२ चा कागद त्यामुळें १ जानेवारी १७६० चा ठरतो. त्या दिवशीं शके १६८१ चालू होता. दिवस ठाऊक नसल्यास तें सदर कोरें ठेवावें. मूळ मिती अक्षरशः एका सदरांत, रूपांतर दुसऱ्यांत, व तें कोणत्या गणनेनें केलें हें तिसऱ्यांत, अशी दुरुस्ती सूचिकारांनीं पुढील आवृत्तीपूर्वीं करावी. मूळ मितीचें सदर सध्यां सूचींत मुळींच नाहीं, म्हणून त्यासाठीं रुमाल पुन्हां सोडावे लागतील.