‘काये ओचो’ उत्सव : संगीत, सहभाग आणि वगळणूक

स्थलांतरित समाजाची संस्कृती परक्या नगरात प्रथम घरात जपली जाते, पुढे प्रार्थनास्थळात आणि बऱ्याच काळानंतर रस्त्यावर प्रकट होते. रस्त्यावर येताना तिला इतरांच्या नजरेचा, नगरव्यवस्थेच्या परवानगीचा आणि प्रायोजकांच्या पैशाचा विचार करावा लागतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या मायामी नगरात मार्च महिन्यात भरणारा ‘काये ओचो’ उत्सव हे या प्रक्रियेचे ठळक उदाहरण होय. लॅटिनो वारशाचा आनंदसोहळा म्हणून त्याचे कौतुक विपुल झाले आहे. हा वारसा कोणाचा आणि तो ठरविण्याचा अधिकार कोणाकडे, या प्रश्नांच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात उत्सवातील संगीताचा विचार केला आहे.

‘काये ओचो’ म्हणजे स्पॅनिश भाषेत ‘आठवा रस्ता’. 1959 च्या क्रांतीनंतर क्यूबा सोडून आलेले हजारो निर्वासित या रस्त्याच्या आसपास स्थायिक झाले आणि तो परिसर ‘लिटल हवाना’ म्हणून ओळखला जाऊ लागला. 1973 मध्ये डेड परगण्याने (आजच्या मायामी-डेडने) स्वतःला द्विभाषिक घोषित केले. मात्र इंग्रजी भाषकांतील अस्वस्थता त्यामुळे ओसरली नाही. या पार्श्वभूमीवर लिटल हवानाच्या किवानिस क्लब या सेवाभावी मंडळाने 1978 मध्ये उत्सव सुरू केला. शेजाऱ्यांना आपल्या रस्त्यावर बोलवावे, खाऊ घालावे, गाणे ऐकवावे आणि त्यातून दुरावा कमी करावा, ही मूळ कल्पना होती. दोनच वर्षांनी, 1980 मध्ये, मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख क्यूबन फ्लोरिडात आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परगण्याच्या मतदारांनी एक नियम संमत केला. इंग्रजीखेरीज अन्य भाषेसाठी किंवा अमेरिकेखेरीज अन्य संस्कृतीच्या प्रसारासाठी सार्वजनिक निधी वापरण्यास त्याने बंदी घातली. तो 1993 मध्ये रद्द झाला. मधल्या तेरा वर्षांत खासगी मंडळाने भरविलेल्या या उत्सवाला जे वजन प्राप्त झाले, ते केवळ करमणुकीचे नव्हते. सरकारी कागदावर जिला जागा नाकारली होती, ती संस्कृती वर्षातून एकदा संपूर्ण रस्ता व्यापत होती.

या उत्सवाची सर्वाधिक प्रसिद्ध घटना 13 मार्च 1988 ची आहे. त्या दिवशी 1,19,986 लोकांनी एकामागोमाग उभे राहून ‘कोंगा’ नृत्याची रांग केली आणि तिची नोंद जागतिक विक्रम म्हणून झाली. पुढच्याच्या कमरेवर हात ठेवायचे, तीन पावले टाकायची आणि चौथ्या ठोक्याला पाय झटकायचा, इतके हे नृत्य सोपे आहे. भाषा येण्याची गरज नाही, तालमीची गरज नाही. मायामीने या सोपेपणाकडे सामंजस्याचे प्रतीक म्हणून पाहिले आणि ते समजण्यासारखेही आहे.

परंतु कोंगाचा इतिहास इतका सोपा नाही. पूर्व क्यूबातील सांतियागो नगराच्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये ती वाढली. कार्निव्हलच्या दिवसांत वस्तीच्या वस्ती ढोल घेऊन बाहेर पडे. चिनी मजुरांबरोबर क्यूबात पोहोचलेले सनईच्या जातीचे एक वाद्य त्या ढोलांवर तीव्र स्वर धरी आणि पुढे मोटारींचे जुने ब्रेक-ड्रमही त्यात तालवाद्य म्हणून वाजू लागले. आफ्रिका, चीन आणि स्पेन यांचा असा संकर प्रतिष्ठितांना रुचणारा नव्हता. 1925 मध्ये सांतियागोचे महापौर देसिदेरिओ आर्नाझ यांनी सभ्यतेच्या नावाखाली कोंगावर बंदी घातली. पुढे 1933 च्या राजकीय उलथापालथीनंतर हे कुटुंब मायामीत आले आणि त्याच महापौरांचा पुत्र देसी आर्नाझ याने 1930 च्या दशकाच्या अखेरीस मायामी बीचच्या नृत्यगृहांतून कोंगाची रांग अमेरिकनांमध्ये लोकप्रिय केली. पित्याने रस्त्यावरून हटविलेली वस्तू पुत्राने दिवाणखान्यात आणून विकली, असे म्हटले तर ते कठोर वाटेल. चुकीचे ठरणार नाही. 1985 मध्ये ‘मायामी साउंड मशीन’ या वाद्यवृंदाच्या ‘कोंगा’ या इंग्रजी गीताने तीच लय जगभर नेली. 1988 च्या विक्रमी रांगेपर्यंत पोहोचताना कोंगातील वस्ती गळून पडली होती आणि चाल तेवढी उरली होती. त्या रांगेतील नर्तकांना यासाठी दोष देण्याचे कारण नाही. वारसा म्हणून जे मांडले जाते त्यातून काय वजा झाले, हे पाहणे मात्र समीक्षेचे काम आहे.

दुसरी वजाबाकी उघडपणे राजकीय होती. 1997 मध्ये प्वेर्तो रिकोचे नामवंत साल्सा गायक अँडी मोंतान्येझ यांचे नाव या उत्सवाच्या कार्यक्रमातून वगळण्यात आले. क्यूबन शासनाचे समर्थक असलेले कवी-गायक सिल्विओ रॉद्रिगेस सान हुआनला आले असता मोंतान्येझ यांनी त्यांना आलिंगन दिले, एवढेच निमित्त. लॅटिनो ऐक्याच्या व्यासपीठावर एका लॅटिनो कलावंताला दुसऱ्याच्या गळाभेटीमुळे जागा नाकारली गेली. ही घटना एकाकी नव्हती. 1996 पासून परगण्याने अनुदान मागणाऱ्या सांस्कृतिक संस्थांकडून क्यूबाशी व्यवहार नसल्याचे प्रतिज्ञापत्र घेण्यास सुरुवात केली होती आणि ती अट 2000 मध्ये संघीय न्यायालयाने रोखली. ऑक्टोबर 1999 मध्ये हवानाचा ‘लोस व्हान व्हान’ हा वाद्यवृंद मायामीत आला, तेव्हा सभागृहाबाहेर हजारो निदर्शक जमले. निदर्शनांच्या धास्तीनेच 2001 चा लॅटिन ग्रॅमी सोहळा मायामीतून लॉस एंजेलिसला हलविण्यात आला.

निर्वासितांची बाजू येथे लक्षात घेतली पाहिजे. सेलिया क्रूझ हिने 1960 मध्ये क्यूबा सोडल्यानंतर तिला 1962 मध्ये आईच्या अंत्यविधीसाठीही मायदेशी येऊ दिले गेले नाही आणि तिचा आवाज क्यूबन नभोवाणीवरून नाहीसा झाला. मायामीने तिला डोक्यावर घेतले. बहिष्काराचे शस्त्र प्रथम कोणी उगारले, हे येथे स्पष्टच आहे. तथापि ज्यांनी तो घाव सोसला, त्यांनीच तेच शस्त्र मोंतान्येझ यांच्यावर चालवावे, ही विसंगती दुःखाच्या समर्थनाने मिटत नाही.

‘भागीदारी’ या शब्दाची व्याप्तीही तपासावी लागते. 1978 च्या कल्पनेत निमंत्रित शेजारी मुख्यतः गौरवर्णीय इंग्रजी भाषक होता. त्याच नगरातील आफ्रिकन-अमेरिकन समाज त्या चित्रात ठळकपणे दिसत नाही. मे 1980 मध्ये लिबर्टी सिटीत दंगल उसळली. एका कृष्णवर्णीय नागरिकाच्या मृत्यूप्रकरणी आरोपी पोलीस निर्दोष सुटले होते. 1990 मध्ये नेल्सन मंडेला मायामीत आले असता फिडेल कास्त्रो यांच्याविषयीच्या त्यांच्या गौरवोद्गारांमुळे क्यूबन-अमेरिकन लोकप्रतिनिधींनी त्यांचे स्वागत टाळले. परिणामी कृष्णवर्णीय संघटनांनी पुकारलेला पर्यटन-बहिष्कार 1993 पर्यंत चालला. ज्या लयीवर शहर नाचले तिचे मूळ आफ्रिकेत आणि ज्यांचे पूर्वज त्याच आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले ते शेजारी बहुतांशी उत्सवाच्या परिघावर, हा अंतर्विरोध रंगमंचावर कधी गायला गेला नाही.

पुढील काळात वस्तीचे स्वरूप बदलले. निकाराग्वा, होंडुरास, कोलंबिया, डोमिनिकन प्रजासत्ताक येथील लोक आठव्या रस्त्यावर आले आणि त्यांच्याबरोबर कुंबिया, मेरेंगे, बचाता हे प्रकार आले; नंतरच्या पिढीने रेगेटोन आणले. कंपन्यांचे फलक वाढले, स्वतंत्र रंगमंच वाढले. महासाथीमुळे 2020 आणि 2021 मध्ये खंडित झालेला उत्सव 2022 पासून पुन्हा भरू लागला. आज एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्यास एका देशाचा ताल संपण्याआधीच दुसऱ्याचा सुरू होतो. क्यूबन असणे आणि लॅटिनो असणे यांतील जे अंतर 1997 च्या निर्णयाने उघड केले होते, ते या ध्वनींच्या सरमिसळीत पुष्कळ धूसर झाले आहे. आणि हे काम कोणत्याही ठरावापेक्षा नव्याने आलेल्या श्रोत्यांनी अधिक केले. रंगमंचावर कोणाला बोलवायचे हे मात्र आजही आयोजक आणि प्रायोजकच ठरवितात, आणि त्या यादीबाबत वस्तीला विचारले जावे अशी रीत अद्याप रुळलेली नाही.