‘शाप की वरदान?’ या निबंधाविषयी

‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा विषय मराठी शाळांतून निबंधाला आणि वक्तृत्वाला वर्षानुवर्षे दिला जातो. उत्तराचा साचाही ठरलेला. आधी विजेचा दिवा आणि पेनिसिलीन, मग हिरोशिमा, आणि शेवटी सुरी. सुरीने भाजी चिरता येते तसा गळाही. दोष सुरीचा नव्हे, वापरणाऱ्याचा! या वाक्याला हमखास गुण मिळतात. पुढे हीच मुले मोठी होऊन धरण, अणुवीज, कीटकनाशके अशा कोणत्याही चर्चेत तेच वाक्य ऐकवतात. त्यात शहाणपणाचा भास आहे. पण विचारायला हवा होता तो प्रश्न त्याखाली दडपला जातो.

भोपाळचे उदाहरण घ्या. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील टाकीतून मिथाईल आयसोसायनेटची वाफ बाहेर पडली आणि हजारो माणसे मेली. येथे ‘वापरणारा’ कोण? कार्बारिल हे कीटकनाशक फवारणारा शेतकरी? त्याचा काहीच संबंध नव्हता. कारखान्याशेजारी झोपलेल्यांनी तर काहीच वापरलेले नव्हते.

रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी ही अभिक्रिया फळ्यावर जरूर मांडावी. फॉस्जीन, मिथाईल अमाईन आणि नॅफ्थॉल यांपासून कार्बारिल बनते. पहिल्या दोघांना आधी एकत्र आणले, तर मिथाईल आयसोसायनेट तयार होते व ते पुढे नॅफ्थॉलशी संयोग पावते. पण फॉस्जीनची गाठ आधी नॅफ्थॉलशी घातली आणि मिथाईल अमाईन शेवटी मिसळले, तर माल तोच मिळतो आणि मिथाईल आयसोसायनेट वाटेत कोठेच येत नाही. (फॉस्जीन मात्र दोन्हीकडे आहेच, आणि तेही विषारीच.) हा दुसरा मार्ग तेव्हा माहीत होता. भोपाळला पहिला निवडला गेला. शिवाय सुमारे ४० टन द्रव एकाच टाकीत साठवला होता. हा द्रव ३९ अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणून तो थंड ठेवावा लागतो; पण शीतकरण यंत्रणा जून १९८४ पासूनच बंद होती. निसटता वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारी नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती.

हे सारे कोणाचे तरी निर्णय होते. त्यांत खर्चाचा हिशेब होता, सरकारी परवाने होते. शेजारच्या वस्तीचे मत मात्र कोणी घेतले नव्हते. सुरीच्या दृष्टांतात यातले काहीच मावत नाही, कारण सुरी एका माणसाच्या एका हातात असते.

मुळात विषयाचे शब्दच पाहा. शाप आणि वरदान, दोन्ही वरून येतात. घेणाऱ्याने फक्त हात जोडायचे. त्यापेक्षा ‘भोपाळच्या टाकीत ४० टन का होते?’ असा निबंध द्यावा. तो तपासताना मराठीच्या शिक्षकांना रसायनशास्त्राच्या शिक्षकांकडे जावे लागेल, एवढीच काय ती अडचण.